कॉम्बी ओव्हनची टचस्क्रीन दुपारीच का बिघडते: पॅनेल बदलण्यापूर्वी करायची तपासणी

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे असाच त्रास असलेल्या इतरांनाही पुढचे विवेचन लागू करून पाहता येईल. लातूरला मंगल कार्यालयांना आणि शिकवणीसाठी आलेल्या मुलांच्या मेसना जेवण पुरवणारे आपले स्वयंपाकघर आहे. तिथल्या दहा ट्रेच्या, थ्री फेज विजेवर चालणाऱ्या कॉम्बी ओव्हनच्या (वाफ आणि कोरडी उष्णता दोन्हींवर शिजवणाऱ्या ओव्हनच्या) टचस्क्रीनवर उजव्या कडेची साधारण दोन बोटे रुंद उभी पट्टी बोट लावले तरी प्रतिसाद देत नाही. शिवाय दुपारच्या गर्दीत कोणी हात लावलेला नसताना स्क्रीन स्वतःच तापमान बदलते किंवा चालू कार्यक्रम थांबवते. आपोआप बदल होण्याचा हा त्रास जनरेटरवर वाढतो, सकाळी मात्र अजिबात दिसत नाही. पुण्याहून आलेल्या टेक्निशियनने संपूर्ण पॅनेल बदलायला सांगितले आहे, तर गावातल्या मोबाइल दुरुस्ती करणाऱ्याने ऑनलाइन स्क्रीन मागवून बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते आपल्याकडे एक नव्हे, दोन बिघाड आहेत आणि ते एकाच काचेवर दिसत असल्यामुळे एकच वाटतात. टेक्निशियनचे म्हणणे त्यातल्या एकाबद्दल बरोबर असू शकेल. पण दुसरा तसाच राहिला, तर एवढा खर्च करून बसवलेले नवे पॅनेलही दुपारी तसेच वागू लागेल. छत्रपती संभाजीनगर, वाळूज आणि जालना भागातल्या हॉटेलांचे आणि कारखान्यांच्या कॅन्टीनचे ओव्हन दुरुस्त करताना मी सर्वांत आधी एकच भेद करतो: बिघाड जागेला बांधलेला आहे की वेळेला. जो बिघाड सकाळ-दुपार-रात्र एकाच ठिकाणी दिसतो, त्याचे मूळ बहुधा काचेत, तिच्यामागच्या सेन्सरमध्ये किंवा पट्टी केबलमध्ये असते. जो बिघाड ठरावीक वेळी येतो आणि स्क्रीनवर कुठेही उमटतो, त्याचे मूळ बहुधा स्क्रीनच्या बाहेर, म्हणजे उष्णता, वाफ, वीजपुरवठा किंवा अर्थिंग यांत असते. आपली मृत पट्टी पहिल्या प्रकारची वाटते आणि आपोआप होणारे स्पर्श दुसऱ्या प्रकारचे.

पुढे जाण्याआधी आपली स्क्रीन कोणत्या जातीची आहे ते समजले पाहिजे, कारण दोन्ही जातींचे आजार वेगळे असतात. रेझिस्टिव्ह स्क्रीनमध्ये विद्युतवाहक लेप दिलेले दोन पातळ थर एकमेकांपासून किंचित अंतरावर असतात आणि दाब पडला की ते त्या जागी एकमेकांना टेकतात. त्यामुळे ही स्क्रीन जाड हातमोजे घालूनही चालते. कपॅसिटिव्ह स्क्रीनमध्ये काचेमागे आडव्या-उभ्या वाहक रेषांची जाळी असते आणि बोट जवळ आल्यावर तिच्या विद्युतधारितेत होणारा अतिशय सूक्ष्म बदल कंट्रोलर (स्पर्श ओळखणारी चिप) मोजतो. ओळखण्याची सोपी रीत अशी की कोरड्या लाकडी उलथन्याच्या गोल टोकाने एखादे बटण हलकेच दाबून पाहावे. स्क्रीनने ते स्वीकारले तर ती रेझिस्टिव्ह आहे. लाकडाला दाद न देता बोटालाच देत असेल, तर ती कपॅसिटिव्ह आहे. सुरीचे टोक किंवा चिमट्याची कड या कामासाठी कधीही वापरू नये. रेझिस्टिव्ह स्क्रीनचा वरचा थर प्लास्टिकचा असतो, आणि भाजीचे काम सोडून आलेला आचारी हातातल्या सुरीच्या टोकानेच बटण दाबतो, हे तो थर फाटण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

आपण सांगितलेल्या लक्षणांवरून आपली स्क्रीन कपॅसिटिव्ह असावी असे मी गृहीत धरतो. कोणी स्पर्श न करता सर्वत्र भटकणारे स्पर्श आणि वरपासून खालपर्यंत सरळ उभी मृत पट्टी ही जोडी तिच्यातच जास्त पाहायला मिळते. स्क्रीन रेझिस्टिव्ह निघाली, तर आधी सर्व्हिस मेनूतून (दुरुस्तीसाठीच्या सेटिंगच्या पानांतून) कॅलिब्रेशन, म्हणजे स्पर्शाची जागा पुन्हा जुळवणे, करून पाहावे, कारण त्या जातीत स्पर्शाची जागा सरकणे हा रोजचाच प्रकार आहे. उष्णता, वीज आणि केबल यांविषयी पुढे जे लिहिले आहे ते दोन्हींना लागू आहे.

आता मृत पट्टी. ओव्हन रात्रभर बंद ठेवावा, सकाळी काच स्वच्छ आणि पूर्ण कोरडी पुसावी आणि पुरवठा चालू करताना स्क्रीनला कोणीही हात लावू नये. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे, कारण अनेक कपॅसिटिव्ह कंट्रोलर चालू होताना जी स्थिती दिसते तिलाच ‘स्पर्श नाही’ असे धरून पुढचे मोजमाप करतात. त्या क्षणी काचेवर पाण्याचा थेंब, तेलकट थर किंवा कोणाचा तळहात असला, तर पुढे बराच वेळ त्या भागाचा हिशेब चुकू शकतो. मग सर्व्हिस मेनूत स्पर्श तपासणीचे पान असल्यास त्यावर, नसल्यास यादी सरकवण्याच्या एखाद्या पानावर, डावीकडून उजवीकडे बोट सावकाश ओढत न्यावे आणि हेच वेगवेगळ्या उंचीवर करावे. रेघ प्रत्येक उंचीवर नेमक्या त्याच उभ्या पट्टीत तुटत असेल, तर जाळीतल्या त्या उभ्या रेषांचा कंट्रोलरशी संपर्क तुटलेला आहे. ती तूट काचेत असू शकते, तिच्या कडेला चिकटवलेल्या लवचीक पट्टी केबलमध्ये असू शकते किंवा केबल जिथे बोर्डात शिरते त्या कनेक्टरमध्ये असू शकते. तुटण्याची जागा मात्र बदलत असेल, किंवा फक्त खालच्या कोपऱ्यात तसे होत असेल, तर ओलावा, चिकटपणा किंवा काचेच्या कडेची फाटलेली रबर सील यांचा संशय आधी घ्यावा.

या तीन शक्यतांत खर्चाचा फरक मोठा आहे. कनेक्टर सैल झालेला किंवा काळवंडलेला असेल तर भाग बदलावाच लागत नाही. म्हणून मी टेक्निशियनला विचारले असते की केबल काढून, संपर्क साफ करून, पुन्हा बसवून पाहिली का. आपल्या मजकुरावरून तसे झालेले दिसत नाही. हे काम स्वयंपाकघरातल्या कोणी करू नये; वायरमनने करायचे तर त्याला इलेक्ट्रॉनिक्सची सवय असावी. भिंतीवरचा आयसोलेटर (ओव्हनची वीज पूर्ण तोडणारा मुख्य स्विच) बंद करून त्याला कुलूप लावावे, आणि पंख्याच्या मोटरला ड्राइव्ह (वेग नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) असलेल्या ओव्हनमध्ये पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबून मगच झाकण उघडावे. अशा ड्राइव्हमधल्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) 400 व्होल्ट पुरवठ्याच्या वेळी सुमारे 560 व्होल्ट डीसी असतो आणि वीज बंद केल्यावर तो लगेच उतरत नाही. आत बघताना केबलला घडी पडली आहे का, कनेक्टरची छोटी कडी पूर्ण बंद आहे का आणि झुरळे आहेत का, हे पाहावे. झुरळांना पॅनेलमागची ऊब आवडते आणि त्यांची विष्ठा बारीक पिनांमध्ये साचून ओल धरते. संपर्क शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. पेट्रोल, थिनर किंवा गंज सोडवणारा फवारा तिथे लावू नये. नंतर सील पुन्हा लावायची वेळ आली, तर व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळावे. ते सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि आतल्या तांब्याला गंज चढतो. न्यूट्रल क्युअर प्रकारचे, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारे, सिलिकॉनच वापरावे.

आता दुपारच्या त्रासाकडे येतो. मला याचीच जास्त काळजी वाटते, कारण मृत पट्टीमुळे काम अडते, तर आपोआप होणाऱ्या स्पर्शांमुळे अपघात होऊ शकतो. सर्वप्रथम आठवडाभर एक वही ओव्हनशेजारी ठेवून प्रत्येक वेळची नोंद करावी: किती वाजले होते, ओव्हन वाफेवर होता की कोरड्या उष्णतेवर, वीज महावितरणची होती की जनरेटरची, शेजारचा फ्रायर आणि वरचा एक्झॉस्ट चालू होता का, आणि नुकताच दरवाजा उघडला होता का. मी दुरुस्तीला गेल्यावर ग्राहकाकडे अशी वही असेल, तर निदानाचे निम्मे काम तिथेच झालेले असते.

उष्णतेचे गणित असे आहे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरच तापमान 40 अंशांच्या वर जाते, तेव्हा भट्ट्या चालू असलेल्या स्वयंपाकघरात काय होत असेल याचा अंदाज करता येतो. ओव्हनच्या इलेक्ट्रॉनिक कप्प्याला थंड ठेवणारा छोटा पंखा हीच गरम हवा आत ओढतो, आणि तिच्या वाटेतली जाळी पीठ आणि तेलाच्या थराने भरलेली असेल तर तीही पुरेशी मिळत नाही. पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य प्रत्येक 10 अंशांच्या वाढीमागे साधारण निम्मे होते, असा आमच्या क्षेत्रातला सर्वमान्य ठोकताळा आहे. थकलेले कपॅसिटर असलेला सप्लाय सकाळी ठीक व्होल्टेज देतो आणि तापला की त्याच्या डीसीमध्ये खरखर, म्हणजे व्होल्टेजचे बारीक चढउतार, वाढते. कपॅसिटिव्ह कंट्रोलरला ती खरखर बोटासारखी भासू शकते. म्हणून जाळी काढून धुवावी, पंखा खरोखर फिरतो का ते पाहावे आणि हवा ओढण्याच्या बाजूला फ्रायर किंवा तंदूर असल्यास तो पुस्तिकेत दिलेल्या अंतराइतका दूर हलवावा. एखाद्या दुपारी त्या बाजूला मोठा पंखा लावून ठेवला आणि त्रास थांबला किंवा उशिरा सुरू झाला, तर संशयाला आधार मिळतो. आपला ओव्हन विजेवरचा आहे म्हणून हे सुचवतो. गॅसच्या ज्योतीजवळ असा प्रयोग करू नये.

वाफेची तपासणी त्याहून सोपी आहे. त्रास वाफेवर भात किंवा भाज्या करतानाच होतो आणि कोरड्या उष्णतेवर होत नाही, असे वहीत दिसले, तर दरवाजाची रबर पट्टी तपासावी. थंड ओव्हनमध्ये कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. सहज निसटली तर तिथून वाफ बाहेर पडते आहे. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर काचेवर उडालेले थेंब वाळून पांढरट थर राहतो, आणि तो ओलसर झाला की स्पर्शाचा आभास होतो. काच दिवसातून दोनदा ओलसर मऊ फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसावी. फवारणी थेट काचेवर न करता फडक्यावर करावी आणि रात्री जमीन धुताना पाण्याचा पाइप पॅनेलकडे वळवू नये. आचाऱ्यांना दरवाजा आधी थोडासा उघडून वाफ जाऊ देण्याची आणि मग पूर्ण उघडण्याची सवय लावावी. हात न भाजण्यासाठी तर ते आवश्यक आहेच.

तरीही जनरेटरवर त्रास वाढतो हे आपले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जनरेटर सुरू झाला म्हणून स्वयंपाकघर जास्त तापत नाही की वाफ वाढत नाही. बदलतो तो वीजपुरवठा. म्हणून उष्णता आणि वाफ यांच्याही आधी मी अर्थिंग आणि न्यूट्रल मोजून घेईन.

यामागचे कारण समजून घेणे उपयोगाचे आहे. कपॅसिटिव्ह कंट्रोलर जे मोजतो ते ओव्हनच्या अर्थच्या तुलनेत मोजतो. ओव्हनच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून अर्थकडे जाणारे छोटे फिल्टर कपॅसिटर असतात आणि आतला विद्युत गोंगाट ते जमिनीत सोडतात. अर्थिंग सुटलेले किंवा कमजोर असेल, तर तो गोंगाट ओव्हनच्या धातूच्या अंगावरच राहतो. ओल्या फरशीवर उभ्या माणसाचे बोट मात्र जमिनीच्या पातळीवर असते, आणि या दोहोंतला फरक कंट्रोलरला खोट्या स्पर्शांच्या रूपाने दिसतो. ओव्हनच्या स्टीलला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटते का, हे आपल्या आचाऱ्यांना विचारावे. मुद्दाम हात लावून पाहू मात्र नये. उत्तर ‘हो’ असेल, तर टचस्क्रीनचा विचार बाजूला ठेवून ओव्हन त्याच क्षणी आयसोलेटरवरून बंद करावा आणि अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत चालू करू नये. त्या अवस्थेत एखाद्या हीटरमधून ओव्हनच्या अंगावर वीज गळू लागली, तर जिवावर बेतू शकते.

मोजमाप परवानाधारक वायरमनकडून, ओव्हन पूर्ण भारावर चालू असताना आणि ऐन त्रासाच्या वेळी करून घ्यावे. तिन्ही फेजचे न्यूट्रलशी व्होल्टेज साधारण सारखे, म्हणजे 230 व्होल्टच्या आसपास असावे. एक फेज बराच वर आणि दुसरा बराच खाली दिसला, तर न्यूट्रल सैल आहे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर कारण शोधले पाहिजे. हेच मोजमाप जनरेटरवर पुन्हा करावे. तिथे हा आकडा अचानक दहा-वीस व्होल्ट किंवा त्याहून वर गेला, तर जनरेटरचा न्यूट्रल अर्थ केलेलाच नाही किंवा चेंजओव्हर स्विचमध्ये (महावितरण आणि जनरेटर यांत पुरवठा बदलणाऱ्या स्विचमध्ये) तो तुटतो आहे, असे समजावे. ही चूक लहान शहरांतल्या बसवणुकीत मला वारंवार दिसते, कारण दिवे आणि पंखे तिच्यासह बिनतक्रार चालतात आणि इलेक्ट्रॉनिक यंत्र आल्यावरच ती उघडी पडते. जनरेटरची क्षमताही पाहावी. दहा ट्रेचा ओव्हन साधारण 16 ते 19 किलोवॅट भार घेतो, त्यावर एक्झॉस्टची मोटर आणि फ्रीज आले की लहान जनरेटरचे व्होल्टेज मोटर सुरू होताना खाली बसते.

महावितरणच्या विजेवरही दुपारी थोडा त्रास होतो, याचे कारण अर्थिंगच्या खड्ड्यात असू शकते. आपल्याकडे वरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खालचा मुरूम व खडक ओल धरत नाही. त्यामुळे पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग मे महिन्यात निकामी झालेले असते. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तिथे उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकण्याची आठवण कोणाला राहत नाही, हे मी समजू शकतो. पण त्यासाठी पिण्याचे पाणी लागत नाही. आपल्याकडे आरओ यंत्र असेल तर त्यातून वाया जाणारे पाणी एका नळीने खड्ड्यात सोडावे. खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने उन्हाळ्यातच मोजून घ्यावा आणि तो पाच ओहमच्या आत असावा, असा माझा आग्रह असतो. पावसाळ्यातला आकडा या कामी पुरावा म्हणून धरू नये.

आता पॅनेल घ्यायचे की सुटी स्क्रीन, या मूळ प्रश्नाकडे येतो. हे बऱ्याच अंशी आपल्या मॉडेलवर अवलंबून आहे. काही ओव्हनमध्ये पुढची काच, स्पर्शाचा सेन्सर आणि चित्र दाखवणारा डिस्प्ले एकमेकांना कायमचे चिकटवलेले असतात. त्यांत सुटा भाग बदलण्याचा प्रयत्न बहुधा डिस्प्लेही खराब करतो, आणि अशा मॉडेलबाबत टेक्निशियनचे म्हणणे योग्य आहे. काहींमध्ये सेन्सर वेगळा निघतो. तसे असेल तर त्याच्या मागच्या लेबलवरचा पूर्ण भाग क्रमांक जुळवूनच मागवावा, कारण इंचात मोजलेला आकार आणि केबलच्या पिनांची संख्या सारखी असणे पुरेसे नाही. कपॅसिटिव्ह कंट्रोलर ठरावीक जाडीच्या काचेसाठी आणि ठरावीक जाळीसाठी जुळवलेला असतो. दुसऱ्या यंत्राचा सेन्सर लावला तर तो सकाळी चालल्यासारखा वाटेल आणि वाफेत पुन्हा भटकेल. मोबाइल दुरुस्ती करणाऱ्याचा हात बारीक केबलवर उत्तम बसलेला असतो, आणि कनेक्टर साफ करणे किंवा बदलणे हे काम मी त्याच्यावर निःशंक सोपवीन. वाफ आणि पाणी आत जाणार नाही अशी सील बसवणे आणि ओव्हनच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या भागाची नोंद करणे मात्र ओव्हनच्या माणसानेच करावे. कोणताही भाग बदलण्याआधी आपले साठवलेले पाककृतींचे कार्यक्रम पेनड्राइव्हवर काढून घेण्यास सांगावे. बोर्ड बदलताना ते पुसले गेले, तर लग्नसराईच्या मध्यावर सगळे पुन्हा बसवण्यात फार त्रास होतो. जुना भाग परत मागावा आणि नव्याची हमी पावतीवर लिहून घ्यावी.

हे सर्व होईपर्यंत ओव्हन वापरावा का? मृत पट्टीपुरताच प्रश्न असता तर जपून वापरा म्हणालो असतो. आपोआप स्पर्श होत असताना मात्र ओव्हन चालू ठेवून कोणी तिथून दूर जाऊ नये, रात्रभराचे मंद शिजवणे लावू नये आणि जनरेटरवर तो शक्यतो चालवूच नये. शिजल्याची खात्री वेगळ्या थर्मामीटरने करावी, कारण स्क्रीनवर दिसणारा आकडा आपण ठरवलेलाच आहे याचा भरवसा उरलेला नाही. स्वयंचलित धुलाईचा कार्यक्रम तर या काळात मुळीच लावू नये. तो मध्येच थांबला तर दाहक रसायन आत राहते आणि पुढच्या अन्नात जाऊ शकते. कधी चुकून तसे झालेच, तर पुस्तिकेतली पूर्ण खळबळून धुण्याची प्रक्रिया केल्याशिवाय आत ट्रे ठेवू नये.

आपल्या जागी मी असतो तर या आठवड्यात वायरमनला ऐन दुपारी बोलावून दोन्ही पुरवठ्यांवर व्होल्टेज आणि अर्थिंग मोजून घेतले असते, त्याच दिवशी हवेची जाळी धुतली असती, आणि केबल साफ करून बसवल्यावर थंड, कोरड्या सकाळी रेघेची तपासणी पुन्हा केली असती. पट्टी तरीही मृत राहिली तर भागाची मागणी लगेच नोंदवावी, कारण बाहेरून येणाऱ्या भागांना आठवडे लागू शकतात आणि लग्नाच्या तिथी थांबत नाहीत. मात्र भाग येण्याच्या आत जनरेटरचा न्यूट्रल दुरुस्त झालेला असावा. लेबलचा फोटो, वहीतल्या नोंदी आणि वायरमनने मोजलेले आकडे आपण पाठवलेत, तर सेन्सर सुटा मिळेल की पॅनेलच घ्यावे लागेल हे मला अधिक नेमकेपणाने सांगता येईल.